न थांबणारा पंखा



मोटारीचा एखादा भाग चालेनासा झाला म्हणजे आपण घाबरतों; पण एखादा भाग थांबेनासा झाला, तर आपल्याला भीति वाटत नाहीं, नुसता कंटाळा येतो. इंजिन थंड ठेवणारा पंखा हा असाच एक भाग आहे. तो बंद पडला तर आपण तांतडीनें गॅरेज गांठतों, तो अखंड घरघरूं लागला तर "चालतो आहे ना, मग झालें!" असें म्हणून सोडून देतों, किंवा आवाज असह्य झाला म्हणजे त्याची तारच काढून टाकतों. या दोन्ही गोष्टी कशा चुकीच्या आहेत, आणि अशा पंख्याचा रोग ओळखावा कसा, हें आज मी सांगणार आहें. दुसऱ्यास शहाणपण शिकविण्यापूर्वीं स्वतःची चूक कबूल करणें बरें; म्हणून प्रथम माझीच हकीकत सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं वैशाखांत आम्ही पुण्याहून साताऱ्यास निघालों होतों. बरोबर माझी वृद्ध आई होती. आठ दिवसांपासून आमच्या मोटारीचा पंखा किल्ली फिरवतांच पूर्ण वेगानें सुरू होई. पहांटेच्या गारव्यांतहि तेंच. वाटेंत एका मिस्त्र्यास मोटार दाखविली. त्यानें बोनेट उघडलें, पंख्याची जोडणी ओढून काढली आणि म्हणाला, "साहेब, आतां आवाज नाहीं." खरोखरच आवाज थांबला. मीं समोरच्या उष्णतेच्या काट्याकडे पाहिलें. तो थंड बाजूस निवांत टेकलेला होता. मला समाधान वाटलें.

तें समाधान खंबाटकीचा घाट लागेपर्यंतच टिकलें. घाटांत मालमोटारींची रांग अडली होती. पावलापावलानें चढत असतां बोनेटखालून वाफेचा लोट उठला. काटा तेव्हांहि थंडच दाखवीत होता! भर दुपारीं रस्त्याच्या कडेस, कठड्याच्या अरुंद सावलींत, आई दोन तास बसून राहिली. ती मला एका शब्दानेंहि बोलली नाहीं. पण तिचा घामानें डबडबलेला चेहरा मी विसरलों नाहीं. इंजिनाचें गॅस्केट जळलें होतें आणि सिलिंडरचें हेड वांकलें होतें. दुरुस्तीस मोठी रक्कम लागली. मूळ दोष काय निघाला? उष्णता मोजणाऱ्या सेन्सराची एक तार गंजून तुटली होती. काम अवघ्या अर्ध्या तासाचें!

हें असें कां झालें, तें समजण्यासाठीं पंख्याचें काम पाहूं. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा स्थूल मानानें एक तृतीयांश भागच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तेवढीच उष्णता धुराबरोबर जाते, आणि जवळजवळ तेवढीच इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या कूलंटास मिळते. तें कूलंट रेडिएटरांत येऊन निवतें. मोटार वेगानें धांवत असतां समोरचा वाराच हें काम करतो. मोटार उभी राहिली कीं वारा थांबतो, आणि मग पंख्यावांचून गति नसते.

ॲम्बॅसडर आणि पद्मिनी या जुन्या गाड्यांत हा पंखा पट्ट्यानें इंजिनासच जोडलेला असे. इंजिन फिरे तोंवर तो फिरे, "हा कां थांबत नाहीं?" असा प्रश्नच उद्भवत नसे. १९८३ सालीं मारुति ८०० आली. तिचें इंजिन आडवें बसविलेलें होतें आणि रेडिएटर वाऱ्यासमोर होता. त्यामुळें पंख्यास स्वतंत्र विजेची मोटर देणें सोयीचें झालें. तेव्हांपासून आपल्याकडे घरोघरच्या गाड्यांतला पंखा हुकमाचा ताबेदार झाला आहे. कूलंट सुमारें ९५ ते १०० अंशांपर्यंत तापलें कीं त्यास सुरू होण्याचा हुकूम मिळतो, आणि तें कांहीं अंश निवलें कीं थांबण्याचा. गाडीगणिक या आंकड्यांत थोडा फरक पडतो. म्हणून पंखा थांबत नसेल तेव्हां विचारावयाचा प्रश्न हाच कीं, त्याला हुकूम कोण देत आहे, आणि तो हुकूम खरा आहे कीं खोटा?

आधीं निर्दोष कारणें वगळूं. एसी चालू असतां पंखा फिरणारच. एसीची उष्णताहि त्यालाच घालवावयाची असते. पुढच्या कांचेवरचें धुकें घालविण्याचें बटण दाबलें तरी पुष्कळ गाड्यांत एसी आपोआप सुरू होतो. लांबचा प्रवास करून गाडी थांबविल्यावर पंखा कांहीं मिनिटें फिरत राहिला, तर तोहि अनेक गाड्यांचा स्वभावच आहे. तसेंच १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळें डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी आली. सांचलेली काजळी जाळून ती स्वच्छ होत असतां पंखा जोरानें चालतो.

यांपैकीं कांहीं नसेल, तर पंखा केव्हां फिरतो तें पाहावें. निदानाची निम्मी वाट तेथेंच सरते.

पहिला प्रकार: किल्ली काढलेली आहे, इंजिन थंडगार आहे, तरी पंखा फिरतो आहे. येथें हुकूम देणारा कोणी नाहीं. दोष बहुधा रिलेचा असतो. रिले म्हणजे विजेनें चालणारी कळ. ठिणग्यांनीं तिचे आंतले स्पर्शबिंदु एकमेकांस चिकटले, म्हणजे ती उघडतच नाहीं आणि रात्रभरांत बॅटरी रिकामी होते. फ्यूजच्या पेटींतून तो रिले काढून पाहावा. पंखा थांबला, तर त्याच क्रमांकाचा दुसरा रिले तेथें बसवावा. नव्यानें थांबून राहिला आणि जुन्यानें पुन्हां फिरूं लागला, कीं चोर सांपडला. रिले काढूनहि पंखा थांबत नसेल, तर कोठें तरी विजेची तार दुसऱ्या तारेस लागली आहे, किंवा पंख्याचा वेग सांभाळणारें उपकरण बिघडलें आहे. तें काम जाणत्यावर सोंपवावें.

दुसरा प्रकार: इंजिन थंड असूनहि किल्ली फिरवतांच पंखा सुरू होतो. माझ्या गाडीचा रोग हाच होता. सेन्सराचा गुण असा कीं, तो थंड असतां विजेस हजारो ओहमांचा विरोध करतो, आणि तापला कीं तो विरोध दोन-तीनशें ओहमांवर येतो. तार तुटली तर विरोध अमर्याद होतो. इंजिनाच्या संगणकास त्याचा अर्थ शून्याखालीं ४० अंश असा लागतो. वैशाखांत पुण्यास एवढी थंडी असणें शक्य नाहीं, हें त्यास कळतें. आपला डोळा गेला हें ओळखून तो सावधगिरीनें पंखा सतत चालू ठेवतो. काटा मात्र त्याच सेन्सरावर अवलंबून असल्यामुळें थंडच दाखवितो. म्हणजे माझ्या गाडींत एक रखवालदार आंधळा झाला होता, आणि दुसऱ्याचे हात मीं बांधून ठेवले!

या प्रकारांत दोष वाचणारें लहानसें यंत्र फार उपयोगी पडतें. पी ०११८ हा संकेत आला तर सेन्सराची तार तुटल्याचा संशय घ्यावा. पी ०११७ आला तर ती कोठें तरी टेकल्याचा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कूलंटाचें तपमान सकाळच्या हवेइतकेंच दिसलें पाहिजे. त्यांत मोठी तफावत असेल तर सेन्सर खोटें बोलतो आहे. तथापि नवा सेन्सर विकत घेण्यापूर्वीं जोडणी उघडून तींत हिरवट गंज आहे काय, हें अवश्य पाहावें. सेन्सर निर्दोष ठरला, तर एसीच्या दाबाचा सेन्सरहि तपासून घ्यावा. त्याच्या बिघाडानेंहि असाच हुकूम सुटतो.

तिसरा प्रकार: पंखा इंजिन तापल्यावरच सुरू होतो, पण मग थांबत नाहीं. येथें पंखा खरें बोलतो आहे; इंजिन वाजवीपेक्षां अधिक तापत आहे. इंजिन पूर्ण निवल्यावर कूलंटाची पातळी पाहावी. रेडिएटरच्या जाळींत पालापाचोळा, चिखल वा मेलेले किडे अडकले आहेत काय, तें पाहावें. इंजिन तापलेलें असतांहि वरची रबरी नळी कढत आणि खालची थंड लागत असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितींत अडकल्याचा संभव असतो. पाण्याचा पंप दुबळा झाला किंवा रेडिएटरचें झांकण दाब धरीनासें झालें, तरी हेंच घडतें. या प्रकारांत पंख्यास दोष देणें म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणें होय.

दोन सूचना जिवाच्या म्हणून ध्यानांत ठेवा. विजेचा पंखा किल्ली काढल्यावरहि अवचित सुरू होऊं शकतो; त्याच्या पात्यांजवळ बोटें, पदर वा उपरणें जाऊं देऊं नका. नळ्यांना हात लावण्यापूर्वीं इंजिन बंद करा. आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नका. आंतलें कूलंट दाबाखालीं असल्यामुळेंच १०० अंशांपुढेंहि उकळत नाहीं. झांकण सैल होतांच तें उसळून हातातोंडावर येतें. घाटांत इंजिन तापलें तर बाजूस थांबावें आणि निवूं द्यावें. थांबावयास जागा मिळेपर्यंत एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. आपणांस उकडेल, पण इंजिनाचा थोडा भार हलका होईल.

राखणदार कुत्रा रात्रभर भुंकूं लागला, तर शहाणा मनुष्य कंदील घेऊन अंगणांत जातो. कुत्र्याचें तोंड बांधून झोंपीं जात नाहीं. आवाज बंद करणें आणि दोष दूर करणें, या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढें त्या घाटानें मला शिकविलें. आतां सकाळीं किल्ली फिरविल्यावर मी क्षणभर कान देतों. पंखा गप्प असला म्हणजे निघतों. नसला तर आधीं बोनेट उघडतों. आई शेजारीं बसलेली असते. तीहि घाई करीत नाहीं.