फरक का पडला?
(गणेशोत्सवात सभासदांपुढे केलेले भाषण)



मी शिक्षक नाही, डिप्लोमा करून शेडमध्ये लागलेला माणूस. पण इटारसीत राहून शिकवण्यावर बोलायचे तर लांब जायला नको. आपल्याच होशंगाबाद जिल्ह्यात (आताचे नर्मदापुरम) १९७२ साली १६ मिडल शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्था त्यामागे होत्या. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला, पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने सांभाळला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला.

तिथे चार-चार मुलांची टोळी असे, हातात किट असे आणि पुस्तकात तयार उत्तरे नसत! परीक्षेतही पुस्तक उघडायला परवानगी. (आमच्या वेळी असती तर काय बहार आली असती!) पण बघून उतरवता येईल असा प्रश्नच नसे. टेल्कोतून रजा घेऊन आलेल्या अरविंद गुप्तांची काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी इथलीच.

माझ्या मते खरी मेख सामानात नाही. चाळीस मुलांनी एकच टेबल मोजले की उत्तरे वेगवेगळी येतात. साधा मास्तर बरोबर आकडा सांगून मोकळा होतो. चांगला मास्तर सगळे आकडे फळ्यावर लिहितो आणि विचारतो, फरक का पडला? शेडमध्ये हेच रोज लागते. इंजिनाचे नवे चाक १०९२ मिमी व्यासाचे. झिजल्यावर त्याचे माप दोन अप्रेंटिसनी घेतले की दोन येतात. शाळेत ज्याला ‘का’ विचारले गेले, तो गेज पुन्हा लावून बघतो. बाकीचे साहेबांच्या तोंडाकडे बघतात.

दुसरी गोष्ट थांबण्याची. अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी १९७० च्या सुमारास वर्गांतली ध्वनिमुद्रणे तपासली. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत. तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरे लांबली, गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. याला पैसा लागत नाही. पण पोर्शन संपवायची घाई असली की तीन सेकंदही फार वाटतात.

मंडळाला एक विनंती. आपल्याकडे पाठांतर स्पर्धा आहे, रांगोळी आहे. यंदा मोजमापाचीही ठेवू. शिडी न लावता मंडपाची उंची काढायची. दोरी आणि टेप मी आणतो. पालकांनी मात्र कृपा करून मुलांच्या कानात उत्तर सांगू नये.