पाण्याने दिलेले पाय : मुरलीकांत पेटकर यांची जलतरण कारकीर्द

(बोरी अरब, जिल्हा यवतमाळ येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अडाण नदीच्या काठच्या या गावात पोहणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. नदीकाठच्या आणि विहिरीकाठच्या गावांतून मुले पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पाण्यात उतरतात आणि कुणाच्या तरी काकांच्या वा थोरल्या भावाच्या धाकात हातपाय मारावयास शिकतात. 'हातपाय मारणे' हा आपला शब्दच पाहा. पोहावयाचे तर हात हवेत आणि पायही हवेत, असे आपण गृहीतच धरलेले असते. ज्याच्या पायांतील शक्ती ऐन तारुण्यात निघून गेली, अशा एका मराठी जवानाने हे गृहीतक खोटे ठरविले आणि जागतिक स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांचे नाव मुरलीकांत राजाराम पेटकर.

आखाड्यातून सैन्यात

पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी, आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात, पेठ या गावी झाला. कृष्णा-वारणेच्या त्या मुलखात घरोघरी कुस्तीचा नाद. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक आणले, तेव्हा स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले होते. त्या वातावरणात वाढलेल्या मुरलीकांतांनाही लहानपणी कुस्तीचे वेड होते. पुढे ते सैन्यात दाखल झाले आणि विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात जवान म्हणून सेवा करू लागले. सैन्यात त्यांनी मुष्टियुद्धाचा ध्यास घेतला आणि १९६४ साली टोकियो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सेनादल क्रीडास्पर्धेत भाग घेण्यापर्यंत मजल मारली.

वर्षभरातच १९६५ चे भारत-पाक युद्ध पेटले. या युद्धात पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या. प्राण वाचले, परंतु पाठीच्या कण्याला झालेल्या इजेमुळे कमरेखालचा भाग लुळा पडला. विशीच्या उंबरठ्यावरील मुष्टियोद्ध्याच्या वाट्याला रुग्णालयाची खाट आली.

औषध म्हणून पोहणे

उपचारांचा एक भाग म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला देण्यात आला. जमिनीवर जे शरीर स्वतःचा भार पेलू शकत नाही, त्याचा बराचसा भार पाणी उचलते. सांध्यांना ताण न पडता स्नायूंना व्यायाम मिळतो आणि श्वासाची ताकद वाढते. मात्र औषध म्हणून पोहणे निराळे आणि शर्यतीसाठी पोहणे निराळे. निर्जीव पाय पाण्यात खाली ओढले जातात. शरीर आडवे, सरळ राहिले नाही की पाण्याचा विरोध वाढतो आणि वेग मंदावतो. पायांनी दिला जाणारा रेटा तर मुळीच नसतो. म्हणजे पुढे सरकण्याचे, तोल सांभाळण्याचे आणि पायांचा भार ओढण्याचे सारे काम खांदे, दंड व छाती यांनाच करावे लागते. मुष्टियुद्धाने घडविलेले त्यांचे खांदे येथे कामी आले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

अपंगांच्या क्रीडास्पर्धांना त्या वेळी जगात फार मोठा इतिहास नव्हता. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ साली, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या स्पर्धा भरविल्या. हाच या चळवळीचा पाया होय. पुढे १९६० साली रोम येथे पहिली पॅरालिंपिक स्पर्धा झाली. भारताने प्रथम भाग घेतला तो १९६८ च्या तेल अवीव येथील स्पर्धेत. त्या पथकात पेटकर टेबल टेनिसपटू म्हणून गेले होते. पदक मिळाले नाही, पण जगातील उत्तम अपंग खेळाडू कसे तयारी करतात हे पाहावयास मिळाले. अपंगांच्या साहाय्यासाठी झटणारे ख्यातनाम क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचा आधारही त्यांना या काळात लाभला.

हायडेलबर्गचे सदतीस सेकंद

१९७२ च्या ऑगस्ट महिन्यात पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिक स्पर्धा भरली. पेटकर भालाफेकीसारख्या इतर प्रकारांतही उतरले होते, परंतु इतिहास घडला तो जलतरण तलावात. ५० मीटर मुक्तशैलीची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत पूर्ण केली. तो त्यांच्या गटातील जागतिक विक्रम ठरला. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले पदक, आणि तेही सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली मिळवून दिले, हे ध्यानात घेतले म्हणजे पेटकरांच्या यशाची उंची कळते. पॅरालिंपिकमधील भारताच्या दुसऱ्या सुवर्णपदकासाठीही २००४ साल उजाडावे लागले. ते देवेंद्र झाझरिया यांनी अथेन्स येथे भालाफेकीत मिळविले.

विलंबाने आलेला सन्मान

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. एवढा पराक्रम करूनही पेटकर यांचे नाव कित्येक वर्षे फारसे कुणाच्या ओठी नव्हते. ते पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरी करीत राहिले. अर्जुन पुरस्कारासाठी १९८२ साली त्यांनी केलेली विनंती मान्य झाली नाही. २०१८ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. २०२४ साली त्यांच्या जीवनावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट निघाला, आणि १७ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षात, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार मिळाला. हायडेलबर्गनंतर बावन्न वर्षे उलटून गेली होती. हा विलंब कुणा एकाचा दोष नव्हे. अपंगाचे यश हे दयेने पाहावयाचे कौतुक आहे, खरी क्रीडा नव्हे, अशी जी समजूत समाजाच्या मनात घर करून होती, तिचा तो परिणाम होय.

ही समजूत आता ओसरत आहे. सोलापूर जिल्ह्यातील सुयश जाधव यांनी बालपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावले. तरीही २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत त्यांनी जलतरणात सुवर्णपदक मिळविले आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार पटकावला. पेटकरांच्या पायांत शक्ती नव्हती, जाधवांना हात नाहीत, तरी दोघांनाही पाण्याने आपलेसे केले. पेटकरांच्याच सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळविले. त्या स्पर्धेत भारताने एकूण २९ पदके जिंकली.

गावाने काय करावे ?

पदक मिळविणारे हजारांत एक. परंतु शाळेच्या मैदानाच्या कडेला बसून इतरांचा खेळ पाहणारे मूल गावोगावी आढळते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा आहे. हा निधी वर्षअखेरीस घाईने वाटून टाकण्यापेक्षा, गावातील प्रत्येक दिव्यांग व्यक्तीची नोंद करून, तिला प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळवून देऊन, तिची गरज विचारून खर्च झाला, तर त्याचे खरे चीज होईल.

शिक्षकांकडून अपेक्षा याहून साधी आहे. खेळाच्या तासाला अशा मुलाच्या हाती केवळ गुणफलक देऊ नये, त्यालाही खेळ द्यावा. जे पाण्यात उतरू इच्छितात त्यांना जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, सुरक्षित जागीच शिकवावे. पुराच्या पाण्याशी खेळ करण्याचे धाडस कुणीही करू नये.

१९६५ साली खाटेवर पडलेल्या त्या जवानाला कुणीतरी पाण्यात उतरविले, म्हणून १९७२ चे सुवर्ण भारताला लाभले. आपल्या गावातील मुलाला तसा हात देणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.