शेवळीचं मोल, चौकाखालचं नाव



पहिला पाऊस पडला की डहाणू, जव्हार, विक्रमगडच्या बाजारात शेवळीच्या जुड्या दिसायला लागतात. दोन-तीन आठवड्यांचा हंगाम. मग टाकळा, कुर्डू, कंटोळी यांची पाळी. हल्ली ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरतात. एका बाजूला भाज्या, दुसऱ्या बाजूला वारली चित्रं. पाहुणे चव घेतात, फोटो काढतात, कौतुक करतात. कौतुक हवंच. पण ज्या बाईच्या हातची ती भाजी आणि ते चित्र, तिच्या पदरात काय पडतं? आज त्याबद्दल बोलू या.

आधी शेवळी. जमिनीतल्या कंदातून पावसाच्या तोंडावर तिचा फुलोरा वर येतो, पान मागाहून. नीट केली नाही तर घशाला खाज सुटते. म्हणून आतला पिवळसर खाजरा भाग काढून टाकायचा, बाकीची बारीक चिरायची, आणि शिजवताना काकडाची आंबट फळं नाहीतर चिंच घालायची. हे ज्ञान आईने लेकीला, सासूने सुनेला चुलीपाशी दिलं. फुलोरा खुडला तरी कंद मातीत राहतो आणि पुढच्या पावसात परत येतो, कंद उपटला तर ती जागा रिकामी, हेही खुडणाऱ्या बाईलाच ठाऊक असतं. बाजारात मागणी वाढली की घाई होते. घाईत सगळंच ओरबाडलं, तर दोन-चार वर्षांत महोत्सवात मांडायला शेवळी कुठून आणायची?

आता भिंतीकडे वळू. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. हा चौक लिहायचा मान सवासिणींचा, आणि लग्न लावते तीही बाईच, धवलेरी. शेणामातीने सारवलेली, गेरूने रंगवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. सगळं शेतातलं आणि रानातलं. म्हणून मी भाजी आणि चित्र वेगळं मानत नाही. भात पिकला नाही तर रंग नाही, रान राहिलं नाही तर काडी नाही.

1970 नंतरच्या काळात हे चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याचा आपल्याला अभिमानच आहे. पण चित्राला पैसा आला तसे चित्र काढणारे बहुतेक पुरुष झाले, आणि चौक लिहिणाऱ्या बाया मागे राहिल्या. पुढे वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. मात्र मानांकन कलेला मिळतं. चित्राखाली बाईचं नाव आपोआप येत नाही, ते आपल्याला लिहावं लागतं.

तेव्हा तुमच्या गटाने असा कार्यक्रम घ्यायचं ठरवलं, तर तीन गोष्टी आधी ठरवा.

पहिली, भाव. सकाळी सहाला रानात गेलात, दहाला परतलात, दोन तास निवडण्यात गेले, तर सहा तास झाले. गावच्या रोजंदारीने त्या सहा तासांचे पैसे काढा. त्यात गाडीभाडं घाला. मग आलेल्या जुड्यांनी त्याला भागा. तो आपला भाव. त्याखाली विकणं म्हणजे आपली मजुरी फुकट देणं. रानात उगवली म्हणून भाजी फुकट, असं कोणी म्हणालं तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

दुसरी, नाव. भाजीच्या थाळीपुढे पाटी लावा: भाजीचं नाव, कुठल्या पाड्यातली, कोणी रांधली. चित्राखाली काढणारीने स्वतः सही करावी. सही येत नसेल तर लेकीने शेजारी नाव लिहावं.

तिसरी, राखण. कंद काढायचा नाही, एका जागचं सगळं खुडायचं नाही, आणि घरच्या पोरांच्या ताटात वाढून उरेल तेच बाजारात न्यायचं. हे गटाच्या वहीत ठराव म्हणून लिहून ठेवा.

तुमच्याकडे शेवळी नसेल, वारली चित्र नसेल. पण एखादी भाजी असेल, गोधडीचा टाका असेल, जात्यावरची ओवी असेल. पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला मधे बसवा आणि विचारा, आजी, तुम्हाला येतं आणि आम्हाला येत नाही असं काय आहे? ती सांगेल ते एका पोरीने लिहून घ्यावं. वर आजींचं नाव आणि तारीख घालायला मात्र विसरू नका.