फुप्फुसातील गाठी : भय आणि विवेक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण माझ्या अज्ञानाची किंमत माझ्या धाकट्या बंधूस मोजावी लागली.

त्याच्या सीटी स्कॅनच्या अहवालात दोन गाठी नमूद होत्या. एक कठीण, चुन्याने भरलेली. दुसरी फिकट, मध्यभागी किंचित घन. इंग्रजी वाचणारा घरात मीच. कठीण ती घातक आणि फिकट ती किरकोळ, असा अर्थ मी लावला. कठीण गाठ ही बऱ्या झालेल्या क्षयाची खूण आहे असे डॉक्टरांनी सांगताच आम्ही निश्चिंत झालो. फिकट गाठीकरिता तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करण्याची सूचना होती. परंतु पुतणीच्या विवाहाची बोलणी चालू होती, आणि दवाखान्याच्या फेऱ्यांची वाच्यता होऊ नये म्हणून तो कागद पेटीत गेला.

आता या गाठींतील भेद पाहू. 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गोलसर डागास गाठ म्हणतात. सर्वस्वी चुना साचलेली गाठ बहुधा जुन्या क्षयाची व निरुपद्रवी असते. चुना नसलेली घन गाठ 6 मिलिमीटरहून लहान असेल तर कर्करोगाचा संभव फारच थोडा. 8 मिलिमीटरहून मोठी असेल तर अधिक तपास लागतो. तिसरी धूसर गाठ : पहाटेच्या धुक्यातून झाडे दिसावीत तशा तिच्यातून रक्तवाहिन्या दिसतात. ती कधी जंतुसंसर्गाची असते व विरून जाते. टिकली तर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते, कारण तिची वाढ मंद असते. चौथी मिश्र, म्हणजे धुक्यात दडलेला खडकच. ही टिकून राहिली तर कर्करोगाचा संशय सर्वांत अधिक हिच्याविषयी. बंधूंची दुसरी गाठ हीच होती.

म्हणूनच एका चित्रावरून निकाल लागत नाही. जुने व नवे चित्र शेजारी ठेवून वाढ मोजावी लागते. यास्तव जुने अहवाल जपून ठेवावेत.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी व सिमेंटचे कारखाने आहेत. खाणीतील धुळीनेही फुप्फुसाच्या वरच्या भागात बारीक गाठी होतात. तेंदूपत्ता तोडणारे गडचिरोलीकडील आपले बांधव विडीही ओढतात. डॉक्टरांस आपला व्यवसाय, विडीचे व्यसन आणि पूर्वीचा क्षय हे सारे निःसंकोच सांगावे. त्यावाचून चित्राचा अर्थ अपुरा राहतो.

विवाह यथासांग पार पडला. चौदा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला, तेव्हा धुक्यातील खडक वाढला होता. नागपुरास शस्त्रक्रिया होऊन फुप्फुसाचा एक भाग काढावा लागला. बंधू आज या सभेत बसले आहेत, ही ईश्वरकृपा. परंतु जिना चढताना ते मध्येच थांबतात, तेव्हा मला ती पेटी आठवते. नंतर ही हकीकत कळल्यावर व्याही म्हणाले, "मास्तर, आम्हांस सांगितले असते तर लग्नाची तिथी पुढे ढकलली असती, सोयरीक मोडली नसती."

बंधुभगिनींनो, लोकलज्जेस्तव कोणीही असा कागद पेटीत ठेवू नये, एवढीच हात जोडून विनंती करून मी आपली रजा घेतो.