‘फ्रँक्ली’ म्हणजे काय?

‘फ्रँक्ली’ हें इंग्रजी क्रियाविशेषण सुशिक्षित मराठी घरांत इतकें रुळलें आहे कीं, त्याचा अर्थ विचारण्याची कोणास गरज वाटत नाहीं. ‘स्पष्टपणें’, ‘मनमोकळेपणानें’ हे त्याचे नेहमींचे प्रतिशब्द. परंतु ते सर्वत्र लागू पडत नाहींत.

समजा, गारगोटीच्या एखाद्या शाळेंत मुलांपुढें दोन वाक्यें भाषांतरासाठीं ठेविलीं. पहिलें, ‘ही स्पोक फ्रँक्ली’. दुसरें, ‘फ्रँक्ली, आय डू नॉट लाइक इट’. पहिल्याचें ‘तो स्पष्टपणें बोलला’ हें भाषांतर बरोबर. त्याच न्यायानें दुसऱ्याचें ‘स्पष्टपणें मला तें आवडत नाहीं’ असें केलें, तर मात्र मराठी लंगडी होते. येथें तो शब्द आवडण्याची रीत सांगत नाहीं. बोलणारा पुढील बोलण्याविषयीं आगाऊ सूचना देत असतो. तेथें ‘खरें सांगायचें तर’ किंवा ‘स्पष्टच सांगायचें तर’ हेंच शोभतें.

या शब्दाचें कूळहि मनोरंजक आहे. फ्रँक नांवाच्या जर्मानिक लोकांनीं गॉल प्रांत जिंकला; फ्रान्स हें नांव त्यांच्यावरूनच पडलें. पूर्ण स्वातंत्र्य जेत्यांनाच असल्यामुळें ‘फ्रँक’ म्हणजे मोकळा, आणि पुढें मोकळ्या मनाचा, असा अर्थ रूढ झाला. तेंच नांव फारशीच्या वाटेनें मराठींत आलें, तें ‘फिरंगी’ होऊन. आणि फिरंगी पात्याची सरळ तलवार ती ‘फिरंग’. एकाच कुळांत एकीकडे मोकळें मन, तर दुसरीकडे धारदार पातें!

बोलणाऱ्यानें यांतील काय हातीं घ्यावें, हाच खरा प्रश्न. शेतकरी बाप विचारतो, ‘गुरुजी, खरं सांगा, पोरगं पास हुईल का?’ ‘फ्रँक्ली, आशा नाहीं’ असें म्हणून गुरुजी मोकळे होतील. पण ऐकणारा मुलगा घायाळ होईल. ‘खरें सांगायचें तर, गणित कच्चें आहे. रोज तासभर पाठवा, मी पाहतों,’ हें उत्तरहि तितकेंच स्पष्ट आहे. शिवाय त्यांत मन मोकळें झालें आहे.

गारगोटीस १९५२ सालीं स्थापन झालेलें विद्यापीठ पाटगांवच्या मौनी महाराजांचें नांव धारण करतें. ‘फ्रँक्ली’ म्हणण्यापूर्वीं तेवढें मौन क्षणभर पाळावें, आणि पुढील वाक्य दुसऱ्यास कापण्यासाठीं आहे कीं आपलें मन उघडें करण्यासाठीं, हें स्वतःस विचारावें.