झिजलेला गुडघा आणि नदीचे पोहणे



आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी वाढलेल्या आम्हां मंडळींना चालण्यापाठोपाठ पोहणे आले. साठी उलटली आणि गुडघ्यांतील कूर्चा झिजली. ‘आता नदी सोडा,’ असे घरची माणसे म्हणू लागली. वर्षभर आम्ही ओसरीवर बसून काढले. मांड्या सुकल्या आणि दुखणे दुणावले.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलता राहिला तरच तिला पोषण पोहोचते. छातीइतक्या पाण्यात देहाचा निम्म्याहून अधिक भार पाणीच उचलते. म्हणून डॉक्टरांना विचारून आम्ही पुन्हा उतरलो. बेडकासारखे पाय मारणे आणि दरडीवरून उडी टाकणे मात्र सोडले. आता पाय सरळ ठेवून हलवतो. गुडघा सुजला की विश्रांती, पूर आला की काठ!

मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. उपचार म्हणून धरलेल्या पोहण्यानेच त्यांना १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक दिले. आम्हांला पदक नको, नदी हवी.

पाण्यात आम्ही हलके असतो. अवघड जातात त्या घाटाच्या पायऱ्या. या महोत्सवाची आठवण म्हणून संस्थेने तेथे एक कठडा बांधावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.