नऊ पानं, एक राणी आणि मामांचा प्रश्न

इअरफोन लावलेत ना? आज जरा कान देऊन ऐका, कारण आज पत्ते वाटायचेत. आकडे आणि पानं डोक्यात राहत नसतील तर गाडी चालवताना हा भाग ऐकू नका, घरी जाऊन ऐका. आणि वाचणाऱ्यांसाठी पानं खाली लिहून दिलीच आहेत.

मागच्या वेळी ब्रिजचा उल्लेख निघाला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, हा म्हाताऱ्यांचा खेळ ना?" थोडंसं खरं आहे. 2018 साली जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये ब्रिज पहिल्यांदा आलं आणि पुरुषांच्या जोडीत भारताला सुवर्णपदक मिळालं. प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार. एक साठ वर्षांचे, दुसरे छप्पन्न. आता सांगा, दुसऱ्या कुठल्या खेळात साठीचा माणूस देशासाठी सोनं आणतो? म्हणजे आपल्याकडे अजून भरपूर वेळ आहे, हा त्याचा अर्थ!

मी ब्रिज शिकलो मामांकडून. त्याआधी मला मेंढीकोट येत होता, जसा सगळ्यांना येतो. लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस ठेवून खेळणारी मंडळी पाहतच आपण मोठे झालो. ज्याला मेंढीकोट येतो त्याला अर्धं ब्रिज येतं. चार जण, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला तेरा पानं, आलेल्या रंगाचं पान टाकायचं, मोठ्या पानाचा हात. फरक दोन. एक, खेळण्याआधी बोली लागते: आम्ही इतके हात करू, अमुक हुकूम ठेवून किंवा हुकूम न ठेवता. दुसरा, बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. त्याला म्हणतात डमी. सगळी पानं बोली जिंकणारा एकटाच खेळतो.

गप्प बसतो, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

बोली: थांबायचं की जायचं?

तर प्रसंग असा. चौघांची टीम, बाद फेरीचा सामना. चौघांच्या टीमचा सामना म्हणजे काय? तीच पानं दोन टेबलांवर खेळतात. एका टेबलावर आमचे दोघे, दुसऱ्यावर आमचे दुसरे दोघे, पण उलट्या बाजूला. त्यामुळे "आम्हाला पानंच वाईट आली" हे कारण इथे चालत नाही. तीच पानं समोरच्यांनाही मिळालेली असतात.

शेवटून दुसरा डाव. माझी पानं ही:

इस्पिक: एक्का, राजा, पंजी
बदाम: एक्का, छक्की, तिर्री
चौकट: गुलाम, दश्शी, नव्वी, चव्वी
किलवर: एक्का, सत्ती, दुर्री

ब्रिजमध्ये एक्क्याचे 4 पॉइंट, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1. अख्ख्या कॅटमध्ये 40. माझ्याकडे 16. मी बोललो एक नो ट्रम्प. आमच्या पद्धतीत त्याचा अर्थ 15 ते 17 पॉइंट, पानं सगळ्या रंगांत सारखी वाटलेली. समोरून मामा म्हणाले दोन नो ट्रम्प. म्हणजे, "माझ्याकडे 8-9 आहेत. तुझ्याकडे जास्तीचं असेल तर तीनवर जा, नाहीतर इथेच थांब."

आता बोलीतला आकडा म्हणजे सहाच्या वरचे हात. तीन नो ट्रम्प म्हणजे नऊ हात. तिथपर्यंत बोलून केले तर गेमचा मोठा बोनस मिळतो. दोनवर थांबून नऊ हात केले तर तो बोनस नाही. केलेत, पण बोलला नव्हतात ना! ऑफिसात अप्रेझलला आपलं असंच होतं बघा.

15 असते तर थांबलो असतो. 17 असते तर डोळे मिटून गेलो असतो. माझ्याकडे 16. बरोबर मध्ये. अशा वेळी काय करायचं?

गणित करायचं. आम्ही व्हल्नरेबल होतो, म्हणजे त्या डावात बोनसही मोठा आणि दंडही मोठा. तीन बोलून नऊ हात केले तर 600. दोनवर थांबून नऊ केले तर 150. फरक 450. टीमच्या सामन्यात हा फरक एका ठरलेल्या तक्त्यातून इम्प नावाच्या गुणांत बदलतात. 450 म्हणजे 10 इम्प. उलट, तीन बोललो आणि आठच हात झाले तर 100 चा दंड, आणि दोनवर थांबलो असतो तर 120 मिळाले असते. फरक 220. म्हणजे 6 इम्प.

जमलं तर 10 कमावले, फसलं तर 6 गमावले. म्हणजे शंभरात साधारण 38 वेळा जमलं तरी बोलणं परवडतं. निम्म्यापेक्षा कमी! नव्या खेळाडूला वाटतं, "खात्री असेल तरच जावं." व्हल्नरेबल असताना तसं नसतं.

शिवाय माझ्याकडे तीन एक्के आणि चौकटमध्ये गुलाम-दश्शी-नव्वी अशी सलग पानं होती. दश्शी-नव्वीला पॉइंट मिळत नाहीत, पण हात मिळवून देतात. मी बोललो तीन नो ट्रम्प. सगळे पास.

इथपर्यंत मी बरोबर होतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे अभिमानाने सांगण्यासारखं फार काही नाही.

एक्का रोखून धरायचा

डावीकडच्या गृहस्थांनी बदाम सत्तीची उतारी केली. मामांनी पानं मांडली:

इस्पिक: राणी, अठ्ठी, तिर्री
बदाम: अठ्ठी, चव्वी
चौकट: एक्का, राजा, अठ्ठी, छक्की, दुर्री
किलवर: नव्वी, छक्की, चव्वी

पान टाकण्याआधी थांबायचं. मामांचा हा पहिला नियम. आधी हात मोजायचे. इस्पिकचे तीन, बदामचा एक, किलवरचा एक. झाले पाच. हवेत नऊ. म्हणजे चौकटचे चार हवेत. दोघांची मिळून नऊ चौकट आहेत, फक्त राणी नाही. एक हात राणीला दिला तरी चार मिळतात. मग अडचण कुठे? अडचण बदाममध्ये. हुकूम नाही, त्यामुळे कापता येत नाही. राणीचा हात ज्याला जाईल त्याने बदाम सपासप ओढले तर संपलं.

उतारीचं पान बोलतं बरं का. चांगले खेळाडू बहुतेक वेळा आपल्या लांब रंगातलं वरून चौथं पान उतरतात. तसं असेल तर 11 मधून ते पान वजा करा. 11 वजा 7, उरले 4. सत्तीपेक्षा मोठी चारच बदाम बाकी तिघांकडे आहेत. एक डमीत, अठ्ठी. एक माझ्याकडे, एक्का. उरली दोन, ती उजवीकडच्या बाईंकडे. एका पानावरून एवढं कळतं.

बाईंनी राणी टाकली. मी एक्का घेतला नाही, तिर्री टाकली. त्यांनी नव्वी परत केली, ती डावीकडच्यांनी दश्शीने घेतली. मी छक्की टाकली. त्यांनी राजा खेळला. आता कुठे मी एक्का काढला.

असं का? आमची मिळून बदाम पाच. त्यांची आठ. पाच एकाकडे, तीन दुसऱ्याकडे अशी असली, तर तिसऱ्या फेरीनंतर उजवीकडच्या बाईंकडे बदाम शिल्लक राहणार नाही. मग हात त्यांना गेला तरी त्या भिडूला बदाम पोचवू शकत नाहीत. दोरी तुटली! यालाही सोपा हिशेब आहे: 7 मधून आपली दोघांची त्या रंगातली पानं वजा करा. 7 वजा 5, दोन. दोनदा रोखायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं.

मी हे सगळं केलं. मनातल्या मनात पाठही थोपटली. आणि तिथेच घात झाला.

नऊ असतील तर...

ब्रिज शिकणाऱ्या प्रत्येकाला एक नियम पाठ असतो. राणी नसेल आणि दोघांची मिळून आठ पानं असतील तर फिनेस करा. नऊ असतील तर करू नका, वरून एक्का-राजा ओढा, राणी बहुतेक पडते. फिनेस म्हणजे इथे काय? मी गुलाम खेळायचा, आणि डावीकडच्यांनी लहान पान टाकलं तर डमीतूनही लहानच टाकायचं. राणी डावीकडे असेल तर गुलाम जिंकतो. उजवीकडे असेल तर हात जातो.

आमची नऊ पानं. नियम पाठ. गुलाम खेळलो, वर एक्का टाकला. दोघांनीही लहान चौकट टाकलं. डमीतून राजा. बाईंनी किलवर टाकलं.

मंडळी, त्या क्षणी पोटात जो खड्डा पडला ना! राणी डावीकडे, तीन पानांत. आता ती कधीतरी द्यावीच लागणार, आणि डावीकडच्यांकडे दोन बदाम तयार बसलेले. बदामचे आधीचे दोन, चौकटची राणी, वर आणखी दोन बदाम. पाच हात गेले. माझे आठ झाले. एक हात कमी.

दुसऱ्या टेबलावर त्याच पानांवर समोरच्या टीमने फिनेस केला, दहा हात केले, 630 घेतले. आमचे उणे 100. फरक 730, म्हणजे 12 इम्प. सामना आम्ही 9 इम्पने हरलो. मी नऊ हात केले असते तर आम्ही 2 ने जिंकलो असतो. आमच्या टीमचे दुसरे दोघे हसत हसत स्कोअरशीट घेऊन आले होते, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

मामांचा प्रश्न

पानं टेबलावर पडल्यापासून सामना संपेपर्यंत मामा एक शब्द बोलले नाहीत. भुवईसुद्धा हलली नाही. बाजूच्या टेबलावर एक गृहस्थ आपल्या भिडूला सगळ्यांसमोर झापत होते. मामा शांतपणे पुढच्या डावाची पानं लावत होते. कारण पुढचा डाव बाकी होता, आणि तो खेळायला मला डोकं ठिकाणावर हवं होतं.

परतताना स्टेशनवर चहा घेताना मीच सुरुवात केली. "मामा, नियमानेच खेळलो हो. नऊ पानं होती."

ते म्हणाले, "एक्का काढलास तेव्हा डावीकडे बदाम किती उरले होते?"

"दोन."

"आणि उजवीकडे?"

"एकही नाही."

"मग तुला घाबरायचं कोणाला होतं?"

मी गप्प. चहा निवत होता.

बघा, प्रश्न राणी कुठे आहे हा नव्हताच! गुलाम सोडला असता तर दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. राणी डावीकडे असती तर गुलाम जिंकला असता. राणी उजवीकडे असती तर हात बाईंकडे गेला असता, आणि त्यांच्याकडे बदाम नव्हतं. त्या काहीही खेळल्या असत्या तरी माझे नऊ हात पक्के होते. बदाम चार-चार असते तरी त्यांना आणखी एकच हात मिळाला असता, तरीही नऊ. (फक्त नंतर दश्शी एक्क्याखाली आणि नव्वी राजाखाली टाकून द्यायची, नाहीतर आपलीच मोठी पानं रंगाची वाट अडवतात.)

आणि तो नियम? नऊ पानांत एक्का-राजा ओढणं फिनेसपेक्षा सरस आहे, पण किती? दोनेक टक्क्यांनी. ते दोन टक्के मिळवायला मी शंभर टक्के सोडून दिले. एक्का दोनदा रोखून मी बाईंना निरुपद्रवी केलं, आणि नंतर त्याचा फायदा घ्यायलाच विसरलो. छत्री घेऊन निघालो आणि पावसात बंद ठेवून भिजलो!

तर आजचा मुद्दा एवढाच. नियम एका रंगाचा असतो. डाव चार रंगांचा असतो. "कुठला खेळ जास्त वेळा जमतो" याच्या आधी विचारायचं, "फसलं तर हात कोणाकडे जाईल, आणि तो माझं काय बिघडवू शकतो?"

गाडी आली. चढताना मामा म्हणाले, "आणि हे बघ, चूक माझीही होती. नऊ पॉइंट आणि चौकट पाच पानांची, एक्का-राजासकट. मी सरळ तीन बोलायला हवं होतं. तुझ्यावर ढकललं. तू बोललास म्हणून झाकलं गेलं."

हरलेल्या सामन्यानंतर त्यांनी स्वतःची चूक शोधून मला दिली. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्यांच्यासमोर बसलो, त्याचं कारण हेच.

चला, आता गृहपाठ. तीच पानं, पण चौकट उलटी. एक्का-राजा-अठ्ठी-छक्की-दुर्री तुमच्या हातात आणि गुलाम-दश्शी-नव्वी-चव्वी डमीत. बाकी सगळं तसंच: बदाम दोनदा रोखले, उजवीकडे बदाम संपले, डावीकडे दोन तयार. आता फिनेस करायचा की वरून ओढायचं? आणि का? "का" लिहिलं नाही तर उत्तर धरणार नाही हं. हवं तर कागदावर पानं मांडून बघा.

पुढच्या भागात उत्तर सांगतो. तोपर्यंत पत्ते पिसत राहा, आणि भिडूवर ओरडू नका. भेटू!